मुकादम बाईंचा ‘येत नाही’चा रकाना

मुकादम बाई गेल्याची बातमी शाळेच्या ग्रुपवर आली, तेव्हा मी कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत अडकलो होतो. आठवडाभरापूर्वीच त्यांना ठाण्याच्या हॉस्पिटलात भेटून आलो होतो. बोलताना धाप लागत होती, तरी त्यांनी विचारलंच, "भोईर सर, दहावीची प्रात्यक्षिकं झाली का?" मी हो म्हटलं. "मग ठीक," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले... पुढची गाडी सरकली, मागून हॉर्न वाजू लागले, पण मला गाडी पुढे घ्यायचं सुचेना.

रुखसाना मुकादम टेमघरच्या आमच्या मराठी शाळेत बावीस वर्षं गणित शिकवत होत्या. घराला लागूनच नवऱ्याचे लूम, कापड विणायचे यंत्रमाग. त्या खडखडाटात आयुष्य काढल्यामुळे की काय, बाई हळू बोलायचं विसरूनच गेल्या होत्या. माझ्या कवितेच्या तासाला पलीकडच्या वर्गातलं त्यांचं बीजगणित स्पष्ट ऐकू येई. तक्रार केली की म्हणायच्या, "सर, तुमची पोरं फुकटात गणित शिकतात. शुक्रिया म्हणा!"

लॉकडाऊननंतर शाळा पुन्हा सुरळीत झाली आणि संस्थेनं प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड लावायचं ठरवलं. त्याआधी शिक्षकांना काय काय येतं ते पाहावं म्हणून एक छापील फॉर्म आला. बारा प्रश्न आणि प्रत्येकासमोर तीन रकाने : येतं, थोडं येतं, येत नाही. फॉर्म गोळा करून अहवाल लिहायचं काम बाईंकडे होतं. आम्ही सगळ्यांनी मधल्या सुट्टीत चहा पिता पिता ‘येतं’वर खुणा करून टाकल्या. मीही केल्या. खरं तर लॉकडाऊनमधले माझे सगळे ऑनलाइन तास माझ्या मुलीनं लावून दिले होते, मी नुसता समोर बसून शिकवत असे... पण हे सांगणार कुणाला? पन्नाशीतल्या शिक्षकाला येत नाही असं एकदा कागदावर गेलं, की उद्या अतिरिक्त ठरवून कुठं तरी पाठवून देतील, ही धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी बाई फॉर्मचा गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये उभ्या राहिल्या. "एवढे हुशार लोक आहोत आपण, मग निकालाचे तक्ते भरायला दरवर्षी बाहेरचा माणूस का बोलावतो?" बाईंनी तो गठ्ठा कपाटात ठेवला आणि नव्यानं सुरुवात केली. रोज ऑफ तासाला एकेकाला संगणकाशी घेऊन बसायचं आणि करून दाखवायला सांगायचं.

माझी पाळी आली. "सर, या तक्त्यात एका मुलाचे गुण भरा आणि मला मेल करा." मी माऊस धरून नुसता बसून राहिलो. शेवटी म्हणालो, "बाई, हे घरी मुलगी करते." त्या हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. बारापैकी पाच ठिकाणी ‘येत नाही’. "लिहून टाका, सर. हलकं वाटतं."

चित्रकलेचे म्हात्रे सर निवृत्तीला आले होते. ते तर हात जोडूनच म्हणाले, "मना कायच येत न्हाय, बाय. पन नाव लिवू नका."

"नाव कुणाचंच लिहीत नाही," बाई म्हणाल्या. आणि खरंच लिहिलं नाही.

संस्थेच्या बैठकीत त्यावरून वादळ झालं. मुख्याध्यापक चिडले, "नावांशिवाय अहवाल कसला?" बाईंनी आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "सर, कुणाला येत नाही ते कळून बोर्ड चालणार नाहीत. काय येत नाही ते कळलं, तर शिकवता येईल." अध्यक्ष म्हणाले, उद्घाटन तर ठरलंय. "उद्घाटन होईल हो. दुसऱ्या दिवशी बोर्ड चालू कोण करणार? अठ्ठावीस जणांत चौघं आहोत." मी त्या चौघांत नव्हतो, मागे बसलो होतो. बाईंनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही... नावं दिली नाहीत म्हणून त्यांना मेमो मिळाला, तो शेवटपर्यंत कुणी मागे घेतला नाही. पण बोर्ड दोनच वर्गांत लागले, बाकी लॅपटॉप आले आणि शनिवारचा शेवटचा तास शिक्षकांच्या शिकण्याला मिळाला. त्या तासाला बाई आपल्या पाच ‘येत नाही’सकट आमच्यात बसत आणि चुकलं की सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं हसत. म्हात्रे सरांनी निरोपाच्या दिवशी मुलांच्या चित्रांची एक छोटी फिल्म स्वतः बनवून दाखवली. ती संपेपर्यंत बाई गप्प होत्या. बावीस वर्षांत मी त्यांना तेवढं एकदाच गप्प पाहिलं.

त्यांच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा लूम बंद होते. त्यांचे यजमान म्हणाले, "घर में भी सब का टेस्ट लेती थी, भोईर सर. मुझे तो हर बार फेल किया." म्हणाले आणि तोंड फिरवून रडू लागले.

त्यानंतरच्या शनिवारी तास होणार की नाही, कुणी काही कळवलं नव्हतं. घंटा झाली. मी संगणकाच्या खोलीत गेलो, तर सगळे येऊन बसलेले. मग यंदाच लागलेली विज्ञानाची पल्लवी उभी राहिली. सगळ्यांत तरुण, सगळ्यांत हुशार म्हणून आम्ही तिला जरा बिचकूनच असतो. हातातल्या प्रश्नपत्रिकेकडे बघत ती म्हणाली, "मला मराठीत टाईप करता येत नाही. जूनपासून बाहेरून करून आणतेय..."

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो.