पहिल्या नंबरचं गवत

किस्से गोळा करायला कुणी मुद्दाम जात नाही. गवताच्या बाजारातून फिरून आलं की धोतराला कुसळं चिकटलेली असतात, तसे ते आपोआप घरी येतात. मी सोलापूरच्या कडबा बाजारात अकरा वर्षं पारखी होतो. तेव्हा गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, बाकी सगळा कारभार बैलांवर आणि घोड्यांवर. त्यामुळे कुसळं भरपूर!

आमचे शेट वैरणीचे ठेकेदार. नोकरीला गेलो तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलंच नाही. तपकीर ओढता का? नाही. विडी? नाही. मग त्यांनी एक पेंढी माझ्या नाकाशी धरली आणि काय वाटतं म्हणून विचारलं. मी म्हणालो, "भिजून वाळलेली आहे." शेट म्हणाले, "उद्यापासून या."

काम सोपं दिसायचं. गाडीच्या मधली पेंढी उपसायची, काडी मोडायची, चावायची, हुंगायची आणि गाडीच्या फळीवर गेरूने नंबर टाकायचा. हिरवट, पानासकट, गोड वासाचा माल पहिला. पिवळा पडलेला दुसरा. काळपट, कुबट वासाचा तिसरा. नंबर खाली गेला की शेकडा पेंढ्यांचा भाव धाडकन उतरायचा. त्यामुळे शेतकऱ्याचं सगळं लक्ष माझ्या नाकाकडे!

ही सवय घरीही सुटेना. भाकरी हातात घेतली की आधी हुंगायचो. एकदा आमच्या मंडळींनी परात खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "आधी नंबर सांगा, मग दुसरी थापते."

भाव ठरवायचे इस्माईलचाचा दलाल. तोंडाने आकडा बोलायचा नाही, हा बाजाराचा रिवाज. रुमालाखाली हात घालायचा आणि शेतकरी जितकी बोटं देईल तितका भाव. करकंबचे नामदेव पाटील दोन वर्षं चार रुपयांनी कडबा घालून मुकाट परत जायचे. तिसऱ्या वर्षी चहाची बशी धरताना चाचांना दिसलं की पाटलांच्या उजव्या हाताला करंगळीच नाही. ती उसाच्या चरकात गेलेली! पाटील पंजा पुढे करून पाच मागत होते आणि चाचांच्या हाताला चारच बोटं लागत होती. चाचांनी कपाळाला हात लावला. दोन वर्षं बाजारच पडलाय अशी पाटलांची समजूत होती. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या चाचा. औंदा डावा हात धरा की."

पण बाजारातला खरा अधिकारी वेगळाच होता. चाचांचा म्हातारा बैल. त्याला सगळे मुनीम म्हणायचे. माझ्या नंबराबद्दल कुणी तक्रार केली की पेंढी मुनीमापुढे टाकायची. त्याने खाल्ली तर पहिला नंबर, तोंड फिरवलं तर तिसरा. त्यावर अपील नाही. चाचा म्हणायचे, "मेरा मुनीम झूट नहीं बोलता."

एकदा पाटलांनी तिसऱ्या नंबरच्या पेंढीवर गुळाचं पाणी शिंपडलं आणि हात पटक्याच्या शेवाला पुसले. मग साळसूदपणे अपील केलं. मुनीमाने पेंढी खाल्ली. पेंढीचा बंध खाल्ला. मग पाटलांच्या मागे जाऊन पटक्याचा शेव चघळायला लागला. सगळा बाजार हसतोय आणि पाटील डोकं धरून उभे. चाचा मला म्हणाले, "अण्णा, पटक्यालाबी पहिला नंबर टाका."

आता माझी फजिती सांगतो.

एका माघात मला अशी सर्दी झाली की कापूर नाकाशी धरला तरी वास येईना. नेमकं त्याच दिवशी जेऊरहून रेल्वेने वाघीणभर गवत आलं. आदल्या आठवड्यात तिकडे अवकाळी पाऊस झालेला. माल जायचा होता एका जहागीरदारांच्या पागेला, आणि तिथे पहिल्या नंबराशिवाय काही चालत नसे. माझ्या आधीचा पारखी एका खराब गाडीपायी घरी बसला होता. घरात धाकटी पंधरा दिवसांची. नाक बंद आहे म्हणून सांगायची हिंमत झाली नाही. काडी मोडली, रंग बघितला, चावली तर चवही लागेना. डोळे मिटून 'पहिला' सांगितलं.

रात्रभर तळमळलो. सकाळी त्याच मालातली बाजूला ठेवलेली एक पेंढी घेऊन चाचांकडे गेलो आणि मुनीमापुढे टाकली.

मुनीमाने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

पाटील तिथेच होते. म्हणाले, "अण्णा, घोडी खाऊन बसली असतील की वो." कुबट गवताने घोड्याला पोटशूळ उठतो, हे मीच दहा जणांना शिकवलेलं. तसाच शेटांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. शेट रागावले नाहीत, याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी टोपी घातली आणि टांगा बोलावला.

पागेच्या दारातच तिथला कारभार बघणारे जमादार उभे होते. त्यांनी विचारलं, कालचा माल पास कुणी केला? मी म्हणालो, "मी केला." त्यांनी मला आत नेलं. गव्हाणी चाटूनपुसून साफ होत्या आणि घोडी आमच्याकडे बघून खिंकाळत होती. जमादार म्हणाले, "वर्षात असं गवत आलं नव्हतं. हाच माल धाडत जा."

मी तिथल्या पायरीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. शेट दुसरीकडे बघत राहिले. त्यांचेही डोळे ओले होते, हे मला परतताना टांग्यात दिसलं.

बाजारात येऊन चाचांना सांगितलं तर त्यांना पटेना. मुनीम चुकणं शक्यच नाही. आजवर चुकला नव्हता. जरा अपमान झाल्यासारखे ते उठले, मुनीमाजवळ गेले, त्याचं मुस्कट दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिले. मग रुमालाने हात पुसत परत आले आणि माझ्याशेजारी बसले.

"अण्णा," चाचा म्हणाले, "इसकूबी सर्दी हुई है."