टीव्हीवरून घेतलेलं माप

मास्तरांच्या गळ्यात टेप असायची, पण ती गळ्यातच राहायची. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते एकदा समोरून बघायचे, "जरा वळा" म्हणून एकदा पाठमोरं बघायचे, आणि खडूने कापडाच्या कोपऱ्यात आकडे लिहून मोकळे व्हायचे.

"अहो मास्तर, माप घ्यायचं राहिलं."

"घेतलं की."

"कधी?"

"तुम्ही छत्री मिटत होतात तेव्हा."

नवीन माणसाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. कपडा मात्र असा बसायचा की पुढच्या वेळी तोच माणूस चार जणांना घेऊन यायचा. मग टेप कशाला बाळगता, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "टेप काढून ठेवली तर लोक मलाच गिऱ्हाईक समजतात."

त्यांची बायको म्हणायची, "यांना कशाचा म्हणून गर्व नाही हो. फक्त डोळ्यांचा. आणि तो एवढा आहे की दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही."

अलीकडे सुईत दोरा ओवायला मास्तरांना वेळ लागायला लागला होता. ते दोऱ्याला शिव्या द्यायचे. हल्लीचे दोरेच फुसके, टोक म्हणून धरत नाहीत. पण आतून त्यांना भीती वाटायची. हात थरथरले तर मशीन सांभाळून घेतं, कान गेले तर बायकोचं बोलणं वाचतं, पण नजर गेली तर मास्तर म्हणून उरलं काय? ही भीती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती. बायकोला अर्थात माहीत होती.

त्यांची एकुलती एक लेक दूरच्या एका थंड शहरात नोकरीला होती. तिने पहिल्या वर्षी घरी नवा टीव्ही पाठवला, पाटासारखा पातळ. बसवणाऱ्या माणसांनी तो भिंतीला असा घट्ट टेकवला की मागे बोटही जाऊ नये. दुसऱ्या वर्षी ती आपला जुना लॅपटॉप आईच्या हवाली करून गेली आणि त्यावरून व्हिडिओ फोन कसा लावायचा तेही शिकवून गेली. आईला लॅपटॉप पटकन जमला. मास्तरांना मात्र लेकीचा चेहरा त्यात फार लहान वाटायचा.

"मग टीव्हीला जोडा ना, बाबा," लेक म्हणाली. "एक वायर लागते फक्त."

मास्तरांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, वायरवाल्या ताईंचं दुकान होतं. छतापासून खालपर्यंत वायरीच वायरी लोंबत असायच्या आणि त्या जंगलातून ताईंचा आवाज यायचा. त्यांनी मास्तरांचं ऐकून घेतलं आणि एक काळी वायर काढून दिली. दोन्ही टोकांना चपटी तोंडं, बाकी दिसायला अगदी गरीब.

"ही घ्या. चित्र आणि आवाज, दोन्ही हिच्यातूनच जातं."

मास्तरांना ते काही पटेना. त्यांची नजर वरच्या खिळ्यावर गेली. तिथे तीन पदरांची वायर लटकत होती, पिवळी, लाल आणि पांढरी.

"ती द्या. टीव्हीच्या बाजूला याच रंगांची भोकं आहेत, मी पाहिलीत."

"टीव्हीला असतील, लॅपटॉपला नाहीत. मध्ये ही डबी लावावी लागेल. आणि चित्र धड येत नाही, मास्तर. ऐका माझं."

"ताई, तीन वायरी आहेत. एखादी तुटली तरी दोन उरतात."

ताईंनी कपाळाला हात लावला. खरी गोष्ट अशी होती की चपटी भोकं टीव्हीच्या मागे होती आणि मास्तरांना ती दिसलीच नव्हती. शिवाय पिवळ्यात पिवळं, लालात लाल, हे काम त्यांच्या हातचं होतं. रंगाला रंग जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते ऐटीत तीन रंगांची वायर आणि डबी घेऊन घरी आले.

वायर खोचली की लॅपटॉपचा पडदा अंधारा व्हायचा आणि सगळं चित्र टीव्हीवर जायचं. दोन्ही बाजूंना एकेक रुंद काळी पट्टी आणि मध्ये लेक. पट्ट्या मास्तरांना आवडल्या. काठ असला की कशालाही शोभा येते, असं त्यांचं मत होतं. लेक मात्र बघवेना.

"बारीक झालीस गं."

"कुठे, बाबा? उलट अंग सुटलंय माझं."

"ऐकलंस?" मास्तर बायकोकडे वळून म्हणाले. "अंग सुटलंय म्हणे."

बायकोने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. गाल बसलेले, मान काडीसारखी. त्यानंतर प्रत्येक फोनला तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "नीट खातेस ना?" लेक "हो" म्हणायची, आणि आईबाप एकमेकांकडे असे बघायचे की पोरगी आपल्याला बरं वाटावं म्हणून थापा मारतेय.

मग तिकडे थंडी वाढली. लेक म्हणाली, बाजारातून एक कोट घेऊन टाकते. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. टेलरची पोर, आणि तयार कोट?

"बरं, मग मी माप पाठवते."

"तू मला माप पाठवणार? उभी राहा. मागे सरक, पूर्ण दिसू दे. आता वळ. हात बाजूला घे."

लेक हसत हसत वळली. तिची उंची मास्तरांना पाठ होती, ती काही आता बदलणार नव्हती. उंचीवरून रुंदी काढायची, एवढंच काम. ती निघाली आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. इतक्या बारीक अंगाचा कपडा त्यांनी तिला शाळेत असताना शिवला होता.

कापड गडद निळं, लोकरी, चांगल्यातलं आणलं. खडूने आखताना नजर म्हणत होती, अजून आत घे, पण हात काही धजावेना. शेवटी नजर सांगत होती त्याहून पुष्कळ सैल बेतलं, तरी लेकीच्या जुन्या मापापेक्षा कोट लहानच झाला. बायकोने बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. "तिकडे तिला कोण वाढणार," एवढंच म्हणाली.

लेक सुट्टीला आली. दारात उभी राहिली तेव्हा मास्तरांना ती चांगली भरलेली वाटली. पण अंगावर प्रवासातले दोन दोन स्वेटर होते, आणि इतक्या दिवसांनी लेक समोर आली की कुठल्या बापाचं लक्ष मापावर राहतं? चहा झाल्यावर त्यांनी कोट काढला. तिने स्वेटर उतरवून तो मोठ्या हौसेने घातला. खांदे आवळले. बटण आणि काज समोरासमोर येऊन थांबले, भेट काही होईना. तिने पोट आत घेतलं, श्वास धरला, तरी नाही.

"छान झालाय, बाबा," ती घाईने म्हणाली. "मी उघडाच घालेन. तिकडे सगळे उघडाच घालतात."

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. लेक नाराज झाली असती तर परवडलं असतं, ती तर समजूत घालत होती. आणि एरवी एवढ्याशा गोष्टीवरून दिवसभर टोमणे मारणारी बायको हूं की चूं करेना. तेव्हा मास्तरांची खात्रीच पटली. त्यांनी कोटाची घडी घातली आणि कपाटात खाली, जुन्या चादरींच्या मागे ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरवाल्या ताई कापड घेऊन दुकानात आल्या. नेहमीप्रमाणे येतायेताच दारात एकदा गोल वळल्या. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि त्यांच्या खांद्याला लावली.

"अरे देवा, टेप!" ताई हसल्या. "नजरेत मावत नाही एवढी वाढले की काय मी?"

मास्तर हसले नाहीत. टेपचं टोक पुन्हा पुन्हा निसटत होतं. इतक्या वर्षांत सवयच राहिली नव्हती.

"नजर गेली, ताई. लेकीचं माप चुकलं. लेकीचं! आता टेपवर चालेल तेवढे दिवस दुकान चालवायचं आणि कुलूप लावायचं."

"चुकलं म्हणजे? ती तर तिकडे होती. माप घेतलं कुठे?"

"टीव्हीवर."

ताईंनी त्यांच्या हातातली टेप बाजूला केली. "कोणत्या वायरीवर? ती तीन रंगांची? मी नको नको म्हणत होते ती?"

मास्तरांनी मान डोलावली. ताई तशाच वळल्या, समोर जाऊन आपल्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं, खिळ्यावरची काळी वायर काढून खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, "चला घरी. टेप घ्या बरोबर."

घरी लेक पेपर वाचत होती. ताईंनी तिला लॅपटॉपसमोर बसवलं आणि त्याचा कॅमेरा चालू करायला लावला. तीन रंगांची वायर जोडलेलीच होती. भिंतीवर टीव्हीत लेक उमटली. खाली खुर्चीत खरी लेक बसलेली होती, गोल गालांची. वर टीव्हीत तिचीच कोणीतरी आजारी बहीण.

"ही मी?" लेक ओरडली. "बाबा, मी हा टीव्ही घेऊन जाणार. मला असंच दिसायचंय."

"थांब गं," ताई म्हणाल्या. "वहिनी, गोल काहीतरी आणा बघू. एखादी ताटली."

मास्तरांच्या बायकोने स्वयंपाकघरातून ताटली आणली. लेकीने ती कॅमेऱ्यासमोर धरली. टीव्हीत ताटली उभ्या अंड्यासारखी दिसत होती. मास्तर पुढे झाले. त्यांनी टेप काढली आणि टीव्हीच्या काचेवर लावली, आधी वरून खाली, मग आडवी. पुन्हा एकदा लावली.

"आडवं कमी भरतंय," मास्तर म्हणाले.

"भरणारच. चित्र असतं रुंद. तुमच्या त्या डबीने दोन्हीकडून चेपून ते जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापात बसवलं. उरलेल्या जागेत काळ्या पट्ट्या."

"मला वाटलं तो काठ आहे."

"काठ!" ताई म्हणाल्या, आणि बायकोला इतका वेळ दाबून धरलेलं हसू फुटलं.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी एकदा टीव्हीतल्या लेकीकडे पाहिलं, एकदा खुर्चीतल्या. "म्हणजे ताई, मी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं?"

"बरोबर पाहिलंत. तुम्हाला दाखवलंच चुकीचं."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते पटकन खिडकीकडे वळले आणि बाहेर कोणी नसताना बाहेर बघत बसले. लेकीला ते दिसलं. तिने ताटली खाली ठेवली आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवला.

मग कामाला लागले सगळे. टीव्ही भिंतीवरून खाली काढायला मास्तर आणि लेक, "सांभाळून, सांभाळून" म्हणायला बायको. मागची चपटी भोकं निघाली. कोळ्याने तिथे घर केलं होतं, ते फडक्याने साफ झालं. काळी वायर खटकन बसली. चित्र आलं, पण आता लेक आडवी पसरलेली. टीव्हीत कोणीतरी पूर्वी चित्राचा वेगळाच आकार लावून ठेवला होता. ताईंनी रिमोटवर एक बटण दाबलं. या खेपेला लेकीच्या डोक्यावरचे केस आणि हनुवटी, दोन्ही कापली गेली.

"हे काय, मानेवरच कात्री!" बायको म्हणाली.

ताईंनी आणखी एकदा दाबलं. टीव्ही काठापासून काठापर्यंत भरला आणि मध्ये लेक, जशी खुर्चीत होती तशीच. लेकीने ताटली धरली. मास्तरांनी उभी टेप लावली, आडवी लावली, आणि काही न बोलता टेप पुन्हा गळ्यात अडकवली. ताईंनी ते बघितलं आणि "माझ्या कपड्याचं माप झालं असेल ना?" असं विचारून त्या दुकान उघडायला गेल्या.

दुपारी कोट चादरींच्या मागून बाहेर आला. काल तो उसवून बघावा असं मास्तरांच्या मनातही आलं नव्हतं. ज्याची नजरच गेली त्याने उसवून तरी काय करायचं? आता बायकोने ब्लेडने टाके तोडायला घेतले. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दाबून ठेवतात, त्याला माया म्हणतात. मास्तर गिऱ्हाइकाच्या कपड्यात ती जेमतेम बोटभर ठेवायचे. या कोटाची शिवण उलगडली तर आतून कापड निघतच राहिलं.

"अहो, हे काय? आत दुसरा कोट ठेवलाय की काय?"

मास्तर खडू शोधत असल्यासारखं करत होते. "असू दे. बेतताना हातानेच सोडलं."

"आणि मग नजरेचं काय?"

"नजर म्हणत होती, कशाला एवढं. मी तिचं ऐकलं नाही."

संध्याकाळच्या आत कोट पुन्हा शिवून झाला. बटणं लागली, वर थोडी ढिलाईही राहिली. लेकीने घरातल्या घरात दोन्ही हात पसरून गिरक्या घेतल्या. उकाड्यात घाम आला तरी तिने तो जेवेपर्यंत काढला नाही. जाताना तो घालूनच गेली, गळ्यापर्यंत बटणं लावून.

ती पोचल्यानंतरच्या रविवारी फोन आला. काळी वायर आधीच लावून ठेवलेली होती. टीव्हीभर लेक आली, निळ्या कोटात, थंडीने नाक लाल झालेली. मास्तरांनी तिला वळायला लावलं. पाठीत एक सुरकुती नव्हती.

आई सवयीने पुढे सरकली. "काय गं, नीट खातेस ना?"

लेकीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मास्तर त्याआधीच म्हणाले, "तिला काय विचारतेस? खातेय ती. मला दिसतंय."