डब्यावरची ओली तारीख

पनवेलच्या मालधक्क्यावर मालगाडीचे डबे तपासणारा तो माणूस सदा चिडलेला असायचा. मी कळंबोलीच्या लोखंडबाजारातला कारकून. माल वेळेवर निघाला की माझं काम झालं. काही विचारलं की तो डब्यावरच्या अक्षरांकडे बोट करून खेकसायचा, "वाचता येतं ना? वाच!" मग स्वतःच फोड करून सांगायचा. "बी म्हंजे बोगी, आर म्हंजे रूल न्यायचा सपाट डबा, एन म्हंजे हवेचा बिरेक. आनि ही तारीक. हिच्यापुढं दुरुस्तीबिगर डबा पलवायचा नाय."

एका दुपारी आमचं लोखंड भरलेल्या डब्यावर त्याने तळहात घासला. पांढरा रंग हाताला लागला आणि खालून उलटून गेलेली तारीख निघाली. डबा अडू नये म्हणून माल भरणाऱ्या ठेकेदाराच्या मुकादमाने सकाळीच नवी रंगवली होती.

"कोनी केलं ह्ये?" तो ओरडला तसे हमाल जागीच थांबले.

मुकादम हसला. "दोन आकड्यांचा तर फरक आहे, काका."

त्याने रंगाचा हात मुकादमाच्या शर्टाला पुसला आणि डब्यावर खडूने 'सिक' लिहिलं. म्हणजे डबा आजारी, गाडीतून काढा.

मीही म्हणालो, "या खेपेला जाऊ द्या ना."

"मागं गार्डाच्या डब्यात तू बसतोस काय?"

मी हातातले मालाचे कागद चाळू लागलो.

"मंग सरक."

माल चार दिवस पडून राहिला. शेठच्या शिव्या मी खाल्ल्या आणि मनातल्या मनात त्या तपासणाऱ्याला घातल्या. खरं तर मला राग माझाच यायला हवा होता. तो ओला रंग मी त्याच्याआधी पाहिला होता.