चार सिनेमांची सुट्टी

ताई समोरच्या माणसाकडे कधी सरळ बघत नसत. मान किंचित डावीकडे वळवून, कोंबडी दाण्याकडे बघते तशा, एका बाजूने बघायच्या. आमच्या इमारतीतल्या मराठी मंडळींत यावर बरीच चर्चा होऊन गेली होती. कुणी म्हणे, फार शिकलेल्या आहेत, म्हणून तोरा आहे. कुणी म्हणे, वीस वर्षं एकटं राहिलं की माणूस असंच होतं. तुमच्याही शेजारात असं कुणी असेल, ज्याच्या एका लकबीवरून आपण त्याचा सगळा स्वभाव ठरवून टाकतो. मीही ठरवून टाकला होता.

परदेशात, क्वीन्सटाउनला, आमच्या इमारतीत त्या नवव्या मजल्यावर राहायच्या, मी अकराव्या. मूळच्या नागपूरच्या. एका प्रयोगशाळेत होत्या. मायक्रोस्कोपखाली पेशी बघायच्या आणि त्यांत काय बिघडलंय ते लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. दिवाळीच्या कार्यक्रमाला यायच्या, मागच्या खुर्चीवर बसायच्या आणि जेवण सुरू व्हायच्या आत निघून जायच्या.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. मी फोनवर आईला सांगत होते, "हो गं, वरणभात केला होता, पोटभर जेवले." नववा मजला आला. ताई बाहेर पडल्या, दाराला हात लावून थांबल्या आणि म्हणाल्या, "आईशी खोटं बोलायचं तर हात स्थिर ठेवत जा. नूडल्सचं पाकीट वाजून राहिलं तुझं. माझ्याकडे वरण आहे, ये."

त्या दिवसापासून रविवारचं माझं जेवण त्यांच्याकडे. भिंतीवर बाबासाहेबांचा एक फोटो, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी, टेबलावर कायम एक घडी न केलेलं वर्तमानपत्र. जेवण साधंच असायचं, पण त्याबदल्यात मला बोलावं लागायचं. आणि त्यांच्यापुढे थोडक्यात बोलून चालत नसे. "आजची मीटिंग वाईट झाली," एवढं म्हटलं की त्या भाकरी थापता थापता थांबायच्या.

"वाईट म्हणजे? आधी कोण बोललं? नीट सांग."

मग मी साहेब काय म्हणाला, त्यावर कोण हसलं, कोण खाली बघत बसलं, असं सगळं सांगायचे. सांगून झालं की ती मीटिंग मला स्वतःलाच गमतीशीर वाटायला लागायची.

ताईंना एकच शौक होता. वर्षातून एकदा शहरात लॅटिन अमेरिकन सिनेमांचा महोत्सव भरतो. त्यातला एक दिवस त्या सुट्टी टाकून सगळेच्या सगळे सिनेमे बघायच्या. प्रयोगशाळेत सगळ्यांना वाटायचं की हा यांचा काहीतरी उपासाचा दिवस आहे. त्यांनीही कधी ते खोडून काढलं नाही. पहिल्यांदा त्या तिथे शिरल्या होत्या त्या केवळ उन्हाने डोकं दुखत होतं म्हणून, गार हॉलमध्ये तासभर बसायला. पडद्यावर कुठल्याशा डोंगरातल्या गावची सभा चालली होती आणि एक बाई कमरेला पदर खोचल्यासारखी शाल बांधून अख्ख्या गावाशी एकटी भांडत होती.

"अगदी आमच्या मोहल्ल्यातली बाई," ताई सांगायच्या. "स्पॅनिश मला एक अक्षर कळत नाही. पण भांडण कळते ना! खालचं इंग्रजी वाचलं नसतं तरी चाललं असतं."

चाललं नसतं, हे आम्हा दोघींना पुढे कळलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी ताई पहिल्यांदाच मला म्हणाल्या, "तू चल माझ्यासोबत." माझी अवस्था तेव्हा कुठे जाण्यासारखी नव्हती. आमच्या कंपनीने अर्धी टीम काढून टाकली होती आणि उरलेल्यांवर दोन-दोन माणसांचं काम आलं होतं. तीन महिने मी एकही रविवार घरी बसले नव्हते. सकाळी दात घासतानाच थकलेली असायचे. पण ताईंनी कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून हो म्हटलं. मनात विचार हाच, की गार अंधारात आठ तास झोप मिळेल.

हॉल लहानसा, शंभर-दीडशे खुर्च्यांचा. अकरा वाजता पहिला सिनेमा. एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ आईचा जुना पलंग खांद्यावर घेऊन डोंगर उतरतायत, अशी काहीतरी सुरुवात होती. मी डोळे मिटायच्या बेतात होते, तोच ताई कानाशी आल्या.

"काय म्हणाला तो?"

मी सांगितलं. दोन मिनिटांनी पुन्हा, "आणि दुसरा?" तेही सांगितलं. पाचव्यांदा विचारलं तेव्हा मात्र माझा आवाज चढला. "ताई, खाली लिहिलंय ना सगळं!"

पडद्यावर ते दोघे पलंग टेकवून घाम पुसत होते. मान न वळवता ताई म्हणाल्या, "दिसत नाही मला."

"चष्मा विसरलात का?"

"चष्म्याचं काम नाही ते. मधोमध दिसत नाही. कडेकडेनं दिसते. तुझ्याकडे सरळ पाहिलं तर तुझा चेहरा नसतो तिथे. जरा बाजूला पाहिलं की कान दिसतो, केस दिसतात."

ती तिरपी मान, तो तोरा, दिवाळीच्या कार्यक्रमातली मागची खुर्ची, सगळ्याचा अर्थ आता वेगळाच निघत होता.

"केव्हापासून?"

"दीड वर्ष झालं. मागच्या साली पहिल्या रांगेत बसून कसंतरी वाचलं. बघ आता तू, बोलू नको."

तो सिनेमा मी कसा संपवला मला आठवत नाही. दोन सिनेमांच्या मधल्या सुट्टीत आम्ही बाहेर बाकावर बसलो. ताईंनी डब्यातून पोळीची गुंडाळी काढून दिली आणि अहवाल वाचावा तशा एका सुरात सांगितलं. हा आजार बरा होत नाही. पूर्ण अंधार येणार नाही, पण मधला डाग वाढत जाईल. प्रयोगशाळेत कुणालाच माहीत नाही. मोठ्या स्क्रीनवर चित्र वाढवून, मान तिरपी करून त्या निभावून नेत होत्या. दोन महिन्यांत त्यांच्या पासचं, म्हणजे इथे राहून काम करायच्या परवान्याचं, नूतनीकरण होतं. पास नोकरीवर, नोकरी डोळ्यांवर. नोकरी गेली तर हे घर, ही खिडकी, वीस वर्षं, सगळं महिन्याभरात आवरायचं.

"मग सांगू नका," मी म्हटलं. तेव्हा मी नोकऱ्या जाताना रोज बघत होते. मला दुसरं काही सुचण्यासारखंच नव्हतं. "पासचं काम होऊ दे आधी. मग बघू."

ताई माझ्या कानाकडे बघत राहिल्या. म्हणजे माझ्याकडेच.

"मागच्या महिन्यात एक स्लाइड चुकली माझी," त्या म्हणाल्या. "बिघडलेली पेशी होती, मी चांगली म्हणून लिहिलं. माझ्या हाताखालच्या मुलीनं पकडलं. गुपचूप दुरुस्त केलं तिनं, मला बोलली पण नाही. मीच नंतर फाइल मोठी करून पाहिली तेव्हा कळलं. ती स्लाइड कोण्या माणसाची असते ना, बाळा."

दुसऱ्या सिनेमाची घंटा झाली.

या वेळी मी त्यांना शेवटच्या रांगेत, भिंतीच्या कोपऱ्यात घेऊन गेले आणि खालच्या ओळी मराठीतून सांगायला सुरुवात केली. सिनेमा एका बसच्या कंडक्टर बाईचा होता आणि ती बाई श्वास न घेता बोलत होती. मी धापा टाकत मागे. एका जागी तिने ड्रायव्हरला सणसणीत शिवी घातली. मी म्हटलं, "ती म्हणते, अरे मेल्या."

"मेल्या नाही म्हणणार ती," ताई कुजबुजल्या. "मुडद्या म्हण. गावची बाई आहे."

त्यानंतर मी शिव्यांवर विशेष मेहनत घेतली. ताई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या चिनी अंकलनी दोनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा वळले तेव्हा मी खालच्या आवाजात इंग्रजीत म्हटलं, "माफ करा, यांना वाचता येत नाही, दिसत नाही." अंकल म्हणाले, "ओके ला, ओके ला. कॅरी ऑन," आणि आपली पिशवी उचलून चार खुर्च्या पलीकडे जाऊन बसले. सिनेमा संपल्यावर जाता जाता त्यांनी माझ्या हातात खोकल्याच्या दोन गोळ्या ठेवल्या.

तिसऱ्या सिनेमापर्यंत माझा घसा गेला होता. तुम्ही कधी दिवसभर कुजबुजून बघितलंय का? ओरडण्यापेक्षा वाईट. जबडा दुखतो, पाठ वाकडी होते, आणि डोळे एका भाषेत, तोंड दुसऱ्या भाषेत. मी चोरी करायला लागले. पानभर संवाद एका शब्दात उरकायचा.

"भांडतायत."

"काहून?"

"जमिनीवरून."

"कोण म्हणून राहिलं, माझी जमीन? थोरली की धाकटी? नीट सांग. मी अख्ख्या दिवसाची सुट्टी टाकली आहे."

मग पुन्हा नीट. थोरली काय म्हणाली, धाकटी काय म्हणाली, म्हातारा का उठून गेला. मला त्यांचा रागही आला होता, हे कबूल केलं पाहिजे. माझ्याही वाट्याला तो एकच मोकळा दिवस होता.

चौथा सिनेमा समुद्रकाठच्या गावातला. मासळी विकणारी आई आणि घर सोडून निघून गेलेली मुलगी. मी सुरुवात बरी केली. आई मुलीला फोन लावते, मुलगी उचलत नाही. आई तिच्या मैत्रिणीकडे जाते, मैत्रीण म्हणते... ती मैत्रीण काय म्हणाली हे मला आजही माहीत नाही. वाक्याच्या मध्येच मला झोप लागली.

जाग आली तेव्हा हॉलमध्ये दिवे लागले होते. माणसं उठत होती. माझं डोकं ताईंच्या खांद्यावर होतं आणि त्या हलल्याही नव्हत्या. मला इतकी लाज वाटली, की रडूच यायला लागलं.

"मला उठवायचं ना, ताई. तुमचा शेवटचा सिनेमा..."

"दमली होतीस. असू दे."

"पण शेवट काय झाला ते तुम्हाला..."

"पोरगी आली घरी," ताई म्हणाल्या.

"कशावरून?"

"दार वाजलं. मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. मग भांडी वाजली, दोन ताटल्या. आईनं एकदा नाक ओढलं. म्हणजे आलीच ना." त्यांनी रुमालाची घडी करून पर्समध्ये ठेवली. "ते तर तुझ्या सांगण्याशिवायच कळलं मला. बरं वाटलं."

बाहेर अजून उजेड होता. एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, जिन्यावर त्यांनी पहिल्यांदा माझा दंड धरला. नवव्या मजल्यावर उतरताना म्हणाल्या, "सोमवारी सांगून टाकते त्यांना."

सोमवारी त्यांनी खरंच सांगितलं. आधी हाताखालच्या त्या मुलीला बोलावून तिचे आभार मानले, मग तिलाच सोबत घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब चांगला माणूस होता. त्याने चिडचिड केली नाही, उलट स्वतः उठून दार लावलं. ताईंच्या दीड वर्षाच्या सगळ्या स्लाइड पुन्हा तपासल्या गेल्या. आणखी दोन चुका निघाल्या. त्या वेळेत सुधारता आल्या, हे कळलं त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आल्या, सोफ्यावर आडव्या झाल्या आणि उशीत तोंड घालून पडून राहिल्या. मी त्यांना रडताना बघितलं ते तेवढंच. आपण सांगितलं नसतं तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण "मग सांगू नका" म्हणणारी मी तिथेच चहा टाकत उभी होते.

पासची मुदत संपेपर्यंत त्यांना नव्या लोकांना शिकवायचं काम दिलं. पुढचं नूतनीकरण झालं नाही. झालं असतं असं कुणी खोटं आश्वासनही दिलं नाही. नागपूरला धाकटा भाऊ होता, त्याने वरची खोली रंगवून ठेवली.

निघायच्या दिवशी चांगी विमानतळावर मी आणि ती प्रयोगशाळेतली मुलगी, दोघीच होतो. चाकाची खुर्ची मागवू का विचारलं तर ताई म्हणाल्या, "पाय चांगले आहेत माझे." आत जायच्या रांगेत त्यांच्या पुढे एक तमिळ आजी होत्या, कडेवर नातू, हातात तीन पिशव्या. ताईंनी त्यांची एक पिशवी मागून घेतली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा दंड धरला. आजींना हिंदी येत नव्हतं, ताईंना तमिळ येत नव्हतं. तरी दोघींचं बोलणं सुरू झालं होतं. नातवाने ताईंचा कान ओढला, त्या मोठ्याने हसल्या. काचेच्या पलीकडे त्यांची निळी साडी दिसत होती तोवर आम्ही उभ्या होतो.

मग ती मुलगी प्रयोगशाळेत गेली. मंगळवार होता, मीही ऑफिसला गेले.