नरेशचा दमा

नरेश माझा धाकटा भाऊ. कारखान्यांच्या भनपुरीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसते. एचआयव्ही निघाल्याले बारा वर्षं झाली. गोळी एक दिवस चुकवली नाही त्यानं, रक्तातला विषाणू पार दबलेला आहे. दवाखान्यातले शाबासकी देतात.

पण आमचा मोहल्ला, तात्यापारा! हा सारखा दवाखान्यात काहून जाते, लोकं विचारू लागले. तवा आनंदीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सांगून टाकलं, “दमा आहे.” अन् हा लागला ना ॲक्टिंग करायले! बाबारावचं किराणा दुकान आलं की खोकायचं, खिशातला दम्याचा रिकामा पंप काढून तोंडाले लावायचा. घरी आले की दोघं नवरा-बायको पोट धरून हसायचे.

गेल्या थंडीत तो जिना चढता चढता मधेच बसला. नुसत्या धापा. आनंदी वरून म्हणते, “अहो, जिन्यात कोणी नाही. कोणाले दाखवून राहिले?”

“आनंदे, खाली येऊन त्याचं तोंड तर पाह!” मी खालून ओरडली.

तरी तिले वाटे नाटकाची सवय लागली. अन् हा शहाणा काय करे? शंकर नगरच्या छातीच्या डॉक्टरकडे गेला, पण एचआयव्हीचं बोललाच नाही, काहून की काउंटरवर बाबारावचा जावई बसते. डॉक्टरनं दमा समजून खरा पंप लिहून दिला. अन् जिथं एचआयव्हीच्या गोळ्या भेटतात, तिथं दम लागते हे लपवलं. म्हणे, “ताई, गोळ्या लागू पडून नाही राहिल्या असं समजतील.” म्हणजे अर्धा नरेश या डॉक्टरले, अर्धा त्या! माझं तर डोस्कंच फिरलं. कोणापुढे कपाळ फोडावं माणसानं?

शेवटी दोघा नवरा-बायकोले ऑटोत कोंबलं अन् गोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. पंप काढून डॉक्टरीणबाईच्या टेबलावर आपटला. बाई भडकल्याच. म्हणाल्या, हा पंप याच्या गोळ्यांसोबत चालत नाही, अंगावर आला असता. “अन् दमा आहे हे ठरवलं कोणी?”

आता काय सांगू? पाऱ्यातल्या लोकांनी ठरवलं?

मग त्यांनी समजावलं. विषाणू दबला तरी फुप्फुसं आतून खराब होऊ शकतात, वरून भनपुरीचा धूर. आधी फुंकून घ्यायची तपासणी करा, म्हणाल्या, मग औषध ठरवू. बाप्पा, बारा वर्षांत छातीचं कोणी विचारलंच नव्हतं!

तपासणीच्या खोलीत एका पोट्टीनं त्याच्या नाकाले चिमटा लावला, तोंडात नळी दिली. नरेशनं फुंकलं. मशीनवरची रेघ थोडी वर गेली अन् पडली. परत फुंकलं, परत तेच. घामानं शर्ट ओला झाला, तरी ती वैतागून म्हणाली, “भैया, पूरा जोर लगाओ. नाटक मत करो.”

नरेशनं नळी काढली. आनंदीकडे पाहिलं. “दीदी, बारह साल किया,” तो म्हणाला. “आज नहीं कर रहा.”

आनंदी ताडकन उठली. त्याच्या पाठीवर हात ठेवून त्या पोट्टीवर ओरडली, “सच में दम लगता है इनको!”