घानाचं दार

अंगठा ओला करून लाकडावर घासायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा, ही दामूअण्णांची सवय. नवख्याला वाटे, म्हातारा पूजाच करतोय. डोळे उघडले की ते लाकडाचं गाव सांगत. चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत ओंडके निवडण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर दुपारी कसबा पेठेत माझ्या फर्निचरच्या दुकानात येऊन बसत.

सागवान म्हणजे बर्माचंच, हे आपल्याकडे डोक्यात पक्कं. गिऱ्हाईक हटकून विचारी, "बर्मा आहे का?"

"आहे की," अण्णा म्हणत. "नकाशात बघा, बंगालच्या उपसागरापलीकडे."

त्यांच्या तरुणपणी ब्रह्मदेशातून दोघांच्या कवेत न मावणारे ओंडके येत. पुढे तिकडची जंगलं विरळ झाली, त्या देशानं अख्खे ओंडके पाठवणं बंद केलं आणि व्यापारी आफ्रिकेत, घानाला पोचले. तिथून येतो तो बहुतेक लागवडीचा, कोवळा साग. मी नाक मुरडलं की अण्णा चिडत. "घानाला नावं ठेवू नकोस. त्या झाडांना म्हातारं होऊ दिलंय का आपण? ब्रह्मदेश खाल्ला, आता घाना खातोय. देश बदलला, तोंड तेच!" आणि बोट स्वतःच्याच तोंडाकडे नेत. ते बोट मला बघवत नसे.

घानाचं लाकूड घानाचंच म्हणून विकायचं, हा त्यांचा हट्ट. "सून गुणी असली तर माहेर कशाला लपवायचं?"

मी लपवलं. वारज्याच्या एका निवृत्त शिक्षिकेला नव्या घराचं दार हवं होतं, बर्माचंच. ही ऑर्डर मला सोडवेना. घानाचं दार केलं आणि बर्मा म्हणून दाखवलं. बाई माझ्याकडे बघेचनात. अण्णांची पारख त्या ऐकून होत्या. त्या त्यांच्याकडे वळल्या. "अण्णा, तुम्ही सांगा. बर्माच ना?"

मी अण्णांकडे पाहिलं. अहो, हातच जोडायचे बाकी होते! अण्णांनी अंगठा ओला केला, दारावर घासला, पण वास घेतला नाही. "हा म्हणतो ते आहे," एवढंच बोलले, चप्पल घातली आणि गेले.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. मी घरी गेलो तर म्हणाले, "माझ्याकडे कशाला आलास? वारज्याला जा. स्वारगेटहून बस मिळते." मी हो म्हणालो आणि गेलो नाही. आज काम, उद्या पाऊस. दोन वर्षं वारजं मला लांबच पडत राहिलं.

अण्णा गेले. तेराव्याला बाई आल्या होत्या. मला कोपऱ्यात गाठून म्हणाल्या, "दार छान आहे हो तुमचं. घानाचं असलं तरी."

"तुम्हाला कधी कळलं?"

"दार बसलं त्याच आठवड्यात. अण्णा बसने आले होते, माफी मागायला. म्हणाले, मी खोटं बोललो. तुमच्यावर मात्र रागावू नका म्हणाले. 'पोरगा मनाचा चांगला आहे, स्वतः येऊन सांगेल. तोवर त्याला काही बोलू नका.'"

मी मान खाली घातली.

"दर महिन्याला फोन करायचे," बाई म्हणाल्या. "आला का हो, म्हणून विचारायचे."