ड्रायव्हर काढण्याआधी विचारलं होतं

आमच्या घरात भुताखेतांवर विश्वास नसलेली मी एकटीच. आणि घर भटजींचं आहे, म्हणजे बघा! बाबा अमरावतीत अंबागेटच्या भागात गेली चाळीस वर्षं पौरोहित्य करतात. लहानपणी मी पूजेच्या मध्येच "हे कशावरून?" असं विचारून त्यांच्या यजमानांना वैताग आणायचे. या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना, निव्वळ करमणूक म्हणून वाचले... रागावू नका, खरं तेच सांगतेय. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तेव्हा तुम्हीही जेवताना वाचा, हरकत नाही.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोटापाण्याची नोकरी वेगळी, पण उरलेल्या वेळात मी एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलवर काम करते. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा. त्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राशी बोलायला त्यात एक-एक ड्रायव्हर असतो, म्हणजे दुभाष्याच म्हणा. जगभरातले लोक यात दुरुस्त्या पाठवतात. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. पॅच मेलिंग लिस्टवर सगळ्यांदेखत येतो, माझ्यासारखे लोक त्यात खुसपटं काढतात आणि पटला तर तो मर्ज होतो, म्हणजे मूळ कर्नलमध्ये घेतला जातो. खुसपटं काढण्यात मी पटाईत आहे.

मोठे बदल मर्ज करण्याचे दिवस ठरलेले असतात. बाबा त्याला मुहूर्त म्हणतात. "तुमचं आमच्यापेक्षा कडक आहे गं," ते म्हणतात, "आम्ही अडलेल्याला गोरज तरी काढून देतो."

तर, गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. कर्नलमधला जुन्या छपाई-कार्डांचा, म्हणजे कॉम्प्युटरला छपाईचं यंत्र जोडणाऱ्या कार्डांचा, कोपरा माझ्याकडे आहे. त्यात एक ड्रायव्हर होता, ज्याचं कार्ड बनणं कधीच बंद झालंय. कोड इतका गचाळ की विचारू नका. आजूबाजूला काही बदललं की हा मोडणार आणि मी तो निस्तरत बसणार. वर्षानुवर्षं त्याबद्दल कोणाचा एक मेल नाही. मी ठरवलं, काढून टाकायचा. आमचे मुख्य मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारे (परदेशी गृहस्थ आहेत, इथे त्यांना थोरले म्हणते) यांनी आधीच होकार दिला होता. हजारभर ओळी उडवणारा पॅच तयार झाला. मला कोड लिहिण्यापेक्षा कोड काढताना जास्त आनंद होतो, हा माझा स्वभाव.

गुरुवार होता. बाबा शेजारी बसून पूजेच्या सुपाऱ्या निवडत होते.

"आज काय मोडतेस?"

"एक जुना ड्रायव्हर काढतेय. कोणी वापरत नाही."

"विचारलंस?"

"कोणाला?"

"जो वापरत नाही त्याला."

"बाबा!"

"आम्ही साधा सुपारीचा गणपतीसुद्धा तसाच उचलत नाही. उत्तरपूजा करतो, अक्षता टाकतो, निरोप देतो, मग हलवतो. तू आपली घेतली कुऱ्हाड."

खरं म्हणजे काढण्याआधी विचारायची पद्धत आमच्यातही आहे. पण थोरल्यांनी हो म्हटलेलं, मग कशाला, म्हणून मी ती ओळ गाळली होती. आता बाबांची टकळी थांबावी म्हणून पॅचच्या वर इंग्रजीत एक वाक्य टाकलं — 'हे अजून कोणी वापरत असेल तर कृपया कळवा.' अकरा चाळीसला मेल पाठवला आणि वरण-भाताचा कुकर लावायला उठले.

तिसरी शिट्टी व्हायच्या आत उत्तर आलं. अकरा त्रेचाळीस.

इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, पण भाषा इंग्रजी नव्हती. "हाव ना बाप्पा, आमी आहो ना अठी! पोट्ट्यायचे पुस्तकं याच्यावरच निंघते. काढू नका." खाली नाव नाही, गाव नाही. फक्त एका कॉम्प्युटरचा लॉग, म्हणजे सुरू झाल्यापासून तो काय काय करतोय याची त्याने स्वतः ठेवलेली नोंद. त्यात माझं ते जुनं कार्ड धडधडीत चालू दिसत होतं. आणि कॉम्प्युटरचं नाव होतं 'अंधशाळा-अकोला'.

लिस्टवर गंमत सुरू झाली. थोरल्यांना वाटलं स्पॅम आहे. एकाने ही इंडोनेशियन असावी असा तर्क लढवला. त्या एवढ्या जगभरच्या लिस्टवर वऱ्हाडी वाचता येणारी मी एकटी! मला पहिला संशय आला तो अकोल्याच्या मंगेशचा, माझ्या मामेभावाचा. त्याला असले उद्योग फार सुचतात.

"ताई, मले फोनचा वॉलपेपर बदलता येत नाई," तो म्हणाला, "तू काय बोलून राहिली?"

हे मात्र खरं होतं. पण अशी शाळा त्याला माहीत होती. सोमवारी मी सकाळच्या एसटीने अकोल्याला गेले. फेब्रुवारीतच अकोल्याने आपलं ऊन दाखवायला सुरुवात केली होती. मंगेशने मला गाडीवरून शाळेच्या दारात सोडलं. दृष्टिहीन मुलामुलींची छोटी निवासी शाळा आहे, नाव देत नाही. छपाईची खोली गावंडे सरांकडे. पन्नाशी ओलांडलेले, गणित शिकवणारे, स्वतःही जन्मापासून दृष्टिहीन. टेबलावर एक जुनाट कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं ब्रेल छापायचं यंत्र. ते कागदावर ठिपके उठवतं, आणि आवाज असा करतं की दोन खोल्या पलीकडे कळावं. कॉम्प्युटरच्या पोटात माझं कार्ड होतं. मी आयुष्यात पहिल्यांदाच ते डोळ्यांनी पाहिलं.

"सर, गुरुवारी मला मेल तुम्ही पाठवलात का?"

"कोनता मेल? आमच्याइथं टपाल येते, थेही उशिरा."

"या कॉम्प्युटरला इंटरनेट?"

"थे हापिसात हाय. या खोलीत कुठचं!"

मी टेबलाखाली शिरून पाहिलं. नेटची वायर लावायच्या भोकात कोळ्याचं जाळं होतं, आणि जाळ्यात कोळीही घरी होता. वायरलेसचं काही नाही. शाळेत दुसऱ्या कोणाला हा प्रकार माहीत असेल म्हणून मी फोनवरून तो मेल मोठ्याने वाचून दाखवला. "हाव ना बाप्पा, आमी आहो ना अठी..."

सातवीची अकरा मुलं तिथेच बसली होती.

"ताई," सर म्हणाले, "हे तं माह्यंच बोलनं हाय. जसंच्या तसं."

त्यांनी खण उघडून ब्रेलचा एक कागद काढला. गुरुवारी ते सातवीच्या गणिताचा धडा छापत होते. धडा संपला, तरी यंत्र थांबलं नाही. आणखी एक पान आलं. त्यावर एकच ओळ, इंग्रजीत. सरांनी माझ्यासमोर त्या ओळीवरून बोट फिरवत ती वाचली — 'हे अजून कोणी वापरत असेल तर कृपया कळवा.' इंग्रजीत, माझ्याच शब्दांत. मी घाईत एक स्वल्पविराम चुकीच्या जागी टाकला होता, तोही त्यांच्या बोटाला लागला!

अंगावर काटा आला. चांगला सरसरून आला, लपवत नाही.

"मले वाटलं, पोट्ट्यायनं खोडी केली," सर सांगत होते. "मीबी मंग यंत्राकडं तोंड करून वरडलो, हाव ना बाप्पा, आमी आहो ना अठी! पोट्ट्यायचे पुस्तकं याच्यावरच निंघते, काढू नका! पोट्टे हासले. मंग पावनेबाराची घंटी झाली, जेवाले गेलो."

म्हणजे माझा मेल गेला, इथे पान आलं, सर ओरडले आणि माझ्याकडे उत्तर पोचलं... हे सगळं तीन मिनिटांत. मी त्या कॉम्प्युटरमधली गुरुवारची नोंद उघडली. मेलमधल्या लॉगशी ती सेकंदासेकंदाला जुळत होती. मेल पाठवल्याची मात्र त्यात कुठेच खूण नव्हती.

हे सगळं एकीकडे. मला खरा धक्का बसला तो पुढच्या बोलण्याने. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेला एकजण नवीन कॉम्प्युटर देणार होते. त्यात कर्नलही नवीन येणार होतं आणि हे कार्ड काढून त्यातच बसवायचं ठरलं होतं. माझा पॅच मर्ज झाला असता तर जूनमध्ये यंत्र मुकं! का मुकं झालं हे गावात कोणालाच कळलं नसतं. नवीन यंत्राचा अर्ज कित्येक वर्षं नुसता या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे. ही अकरा मुलं आठवीत पुस्तकांशिवाय बसली असती, आणि मी इकडे हजार ओळी उडवल्या म्हणून स्वतःवर खूश. कोणी वापरत नाही, असं किती आरामात म्हणाले होते मी! मला फार लाज वाटली, आणि मी तसं सरांना सांगितलं.

"लाजता काहून?" सर म्हणाले. "आलूबोंडा खा."

तेवढ्यात रेणुका नावाच्या मुलीने विचारलं, "ताई, मंग थे पानाची पहिली ओळ खाऊन टाकते, थेही तुमचंच काम काय?"

खसखस पिकली. पण होतं माझंच. प्रत्येक पानाची पहिली ओळ अर्धी गिळली जायची आणि मुलांनी ते यंत्राचा स्वभाव म्हणून सोडून दिलं होतं. मी आलूबोंडा खाल्ला आणि तिथेच बसले. त्या गचाळ कोडला (आणि तो तसा ठेवणाऱ्या स्वतःला) शिव्या घालत चार वाजेपर्यंत चूक शोधून काढली. यंत्र खडखडलं. रेणुकाने पानाच्या माथ्यावर बोट ठेवलं.

"सर! पुरं नाव आलं! अ-पू-र्णां-क!"

तोवर त्यांच्या पुस्तकात त्या धड्याचं नाव नुसतं 'र्णांक' होतं. टाळ्या अशा पडल्या की माझ्या कुठल्याही पॅचला आजवर पडल्या नव्हत्या.

परत आल्यावर मी काढण्याचा पॅच मागे घेतला आणि दुरुस्तीचा पाठवला. ज्याने प्रत्यक्ष यंत्रावर तपासलं त्याचं नाव पॅचच्या खाली लिहायची आमच्यात रीत आहे. मी लिहिलं — गावंडे सर आणि सातवीचे पोट्टे. 'पोट्टे' ही कुठली कंपनी, असं थोरल्यांनी विचारलं. मग मर्ज केला. त्या ड्रायव्हरची मेंटेनर म्हणून आता माझं नाव लागलंय. जूनमध्ये नवीन कॉम्प्युटर आला, कार्ड त्यात बसलं आणि यंत्र पहिल्याच दिवशी खडखडायला लागलं.

खुलासा म्हणाल, तर नाही. मेलिंग लिस्ट सांभाळणाऱ्या माणसाने सगळं उलटंपालटं करून पाहिलं. तो मेल लिस्टच्या दप्तरात आहे, पण तो आत आल्याची नोंद कुठेच नाही. हे असं होऊ शकत नाही, एवढंच तो सांगतो, आणि तेवढं मलाही माहीत आहे. मंगेश म्हणतो, मशीनमध्ये कोणीतरी आहे. बाबांना वाटलं असतं तर त्यांनी यावर तासभर प्रवचन दिलं असतं, पण ते फक्त म्हणाले, "विचारलंस ते बरं केलंस," आणि पुन्हा सुपाऱ्या निवडायला लागले.

परवा सरांचा फोन आला होता. आठवीची पुस्तकं छापून झाली, हे सांगायला. मी धीर करून विचारलंच, "सर, त्या दिवसाचं तुम्हाला नवल नाही वाटत?"

"कायचं नवल, ताई? तुमी इचारलं, आमी सांगतलं." मग म्हणाले, "आमाले कोनी इचारत नाई ना. तुमी इचारलं, हेच नवल."

विचारायची ती ओळ मी आधी गाळली होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.